लवचिक आधार की पक्की जोड? मणक्यामधल्या झिजलेल्या गादीच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

२०१९च्या पावसाळ्यात जिल्हा परिषद शाळेतल्या एक शिक्षिका आमच्या ओपीडीत आल्या. वय ५६, निवृत्तीला दोन वर्षं बाकी, मधुमेह नऊ वर्षांपासून. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील इथे बदलले आहेत.

कागदावर 'कंबरदुखी' लिहिलेलं होतं, पण खरी तक्रार पायांची होती. एसटी स्टँडपासून शाळा साधारण एक किलोमीटर. पूर्वी हे अंतर त्या सहज चालत. आता दीडशे मीटर गेलं की दोन्ही पोटऱ्या भरून येत, पाय बधिर होत आणि बसायला जागा शोधावी लागे. पाच मिनिटं बसल्या की पुन्हा तेवढंच चालता येई. वर्गात फळ्यासमोर उभं राहणंही अवघड झालं होतं, टेबलावर हात टेकून पुढे झुकल्यावरच बरं वाटे. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, वाकून चालले की पाय चालतात, ताठ झाले की थांबतात."

निदानाचा मोठा भाग या एका वाक्यात होता. ताठ उभं राहिल्यावर मज्जारज्जूच्या नसांची नळी अरुंद होते, पुढे वाकल्यावर ती थोडी मोकळी होते. पायातल्या रक्तवाहिन्या तुंबल्या असतील तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तो माणूस नुसता उभा राहिला तरी बरा होतो, त्याला बसावं किंवा वाकावं लागत नाही. मधुमेह असल्यामुळे पायाच्या नाड्या तरीही नीट तपासल्या. दोन्ही पावलांत त्या व्यवस्थित लागत होत्या.

एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी काळी पडलेली, म्हणजे सुकलेली, आणि बसलेली दिसली. चौथा मणका पाचव्यावर पाच मिलिमीटर पुढे सरकला होता. मागचे सांधे जाड झाले होते, त्यांच्यामधला पिवळा अस्थिबंध फुगून आत आला होता आणि नसांना जागा उरली नव्हती. त्याखालची, पाचवा मणका आणि माकडहाडाच्या वरचं हाड यांच्यामधली गादीही काळीच होती. पुढे त्या गादीवरून बराच वाद झाला.

गादी झिजते म्हणजे काय होतं

तरुणपणी गादीच्या मधल्या गाभ्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. वरखालच्या मणक्यांच्या पातळ पडद्यांतून झिरपून येईल तेवढंच तिला मिळतं. वयानुसार ते कमी होतं, पाणी धरून ठेवणारे रेणू घटतात, गाभा सुकतो आणि उंची कमी होते. मग मागच्या सांध्यांवर भार वाढतो.

कॅनडातले शल्यविशारद किर्कल्डी-विलिस यांनी या झिजेचे तीन टप्पे मांडले. पहिल्यात काम बिघडतं, दुसऱ्यात सांधा सैल होतो, तिसऱ्यात शरीर स्वतःच हाडाचे काटे वाढवून आणि सांधे जाड करून तो पुन्हा घट्ट करतं. या प्रकरणात हा तिसरा टप्पा महत्त्वाचा ठरला, कारण आमच्या रुग्णाच्या एक्स-रेमध्ये हाडाचे काटे आलेले होते.

अडचण

औषधं आणि भौतिकोपचार आधी सात महिने झाले होते. पुढे वाकण्याचे व्यायाम, पोटाचे स्नायू बळकट करणं, वजन चार किलो कमी. मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन एकदा दिलं गेलं, त्याचा आराम पाच आठवडे टिकला. ओस्वेस्ट्री प्रश्नावलीत, म्हणजे कंबरेमुळे रोजचं जगणं किती अडतं ते शून्य ते शंभरात मोजणाऱ्या मापात, त्यांचा आकडा ५२ होता. शस्त्रक्रियेचा विचार करणं रास्त होतं, त्यावर दुमत नव्हतं.

दुमत कोणत्या शस्त्रक्रियेवर होतं. त्यांचा भाचा इंजिनिअर, मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेला. त्याचं म्हणणं असं की, मावशीचा मणका स्क्रू-रॉडने 'जाम' करू नका, लवचिक रॉड टाका, म्हणजे हालचाल राहील आणि वरची गादी खराब होणार नाही. खालचीही गादी काळी आहे तर एकदाच दोन्ही करून टाका. मावशींचा प्रश्न वेगळा होता. "मणका जोडला की मला मांडी घालता येईल का? जेवायला, पूजेला मी खालीच बसते."

या प्रश्नाचं उत्तर आम्ही पहिल्यांदा दिलं. मांडी घालायला मुख्यतः खुबे आणि गुडघे लागतात. कमरेचा एक सांधा जोडला गेला तरी बहुतेकांना खाली बसता येतं. मांडी मोडेल या भीतीने लवचिक आधार निवडायचं कारण नाही. हे स्पष्ट झाल्यावर चर्चा बरीच शांत झाली.

लवचिक आधार म्हणजे काय

नेहमीच्या जोडणीत दोन मणक्यांत स्क्रू घालून टायटॅनियमच्या कडक रॉडने ते धरतात, मध्ये हाडाचा कलम ठेवतात आणि काही महिन्यांत दोन्ही मणके एक हाड होतात. लवचिक पद्धतीत स्क्रू तसेच असतात, पण कडक रॉडऐवजी थोडी हालचाल देणारा दुवा असतो आणि हाड जोडायचंच नसतं. फ्रान्सच्या हेन्री ग्राफ यांनी १९९२ मध्ये स्क्रूंभोवती पॉलिस्टरचे पट्टे गुंडाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. फ्रान्समध्येच जिल डुबुआ यांनी पट्ट्याच्या जागी पॉलिस्टरची दोरी आणि तिच्यावर पॉलिकार्बोनेट युरेथेनची नळी आणली. १९९४ पासून ती वापरात आहे. वाकताना दोरी ताणली जाते, मागे झुकताना नळी दाबली जाते, आणि सांधा एका मर्यादेतच हलतो. पुढे पीक नावाच्या प्लॅस्टिकचे आणि निटिनॉल धातूचे रॉडही आले.

यातला मुख्य मुद्दा व्हिडिओत सांगितला जात नाही. जोडणीच्या शस्त्रक्रियेत स्क्रूला हाड जुळेपर्यंतच भार पेलायचा असतो, नंतर हाडच काम करतं. लवचिक पद्धतीत त्याची सुट्टी कधीच होत नाही. माणूस उठेल, वाकेल, कूस बदलेल तेव्हा तेव्हा, पुढची वीस-तीस वर्षं, तो स्क्रू हाडात हलवला जातो. भुसभुशीत मातीत पुरलेला कुंपणाचा खांब रोज थोडा हलवत राहिलं तर त्याच्याभोवती जागा होते, तसंच कमजोर हाडात स्क्रूभोवती होतं. म्हणून 'लवचिक' शब्द ऐकून हे सौम्य ऑपरेशन वाटतं, पण रुग्णाच्या हाडाकडून त्याची मागणी कडक रॉडपेक्षा जास्त असते.

समोरचे पर्याय

पहिला, काहीच न करणं. अरुंद नळीचा आजार बहुतेकांत हळू वाढतो, लगेच पाय लुळे पडण्याची भीती नव्हती. पण शाळेपर्यंत चालणं बंद होणार होतं, आणि त्यांना उरलेली दोन वर्षं शिकवायचं होतं.

दुसरा, नुसती नस मोकळी करणं. मागून थोडं हाड आणि जाड झालेला अस्थिबंध काढायचा, कसलाही धातू नाही. धोका असा की आधीच सरकलेला मणका आणखी सरकेल. २०१६ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात, एकाच अंकात, दोन अभ्यास आले होते. स्वीडनच्या २४७ रुग्णांच्या अभ्यासात जोडणी केल्याने दोन वर्षांनी जास्तीचा फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या ६६ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांत मणका सरकलेलाच होता, चार वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण नुसती नस मोकळी केलेल्यांत ३४ टक्के आणि जोडणी केलेल्यांत १४ टक्के निघालं. दोन्ही बाजूंना टेकू मिळावा अशीच ती परिस्थिती होती.

तिसरा, नस मोकळी करून कडक जोडणी. सर्वांत परिचित, पण शस्त्रक्रिया लांब, रक्तस्राव जास्त, आणि मधुमेही रुग्णात संसर्गाचा विचार मोठा.

चौथा, नस मोकळी करून लवचिक आधार. बाजूने काय होतं, तर हाडाचा कलम घ्यायचा नाही, शस्त्रक्रिया लहान. स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने सरकलेला मणका आणि अरुंद नळी असलेल्या २६ रुग्णांना अशी प्रणाली बसवली होती. चार वर्षांनी तपासता आलेल्या १९ जणांपैकी बहुतेक समाधानी होते. पण त्यांच्यातच ४७ टक्क्यांच्या शेजारच्या गादीत झीज दिसली. शेजारची गादी वाचते हा जो मोठा दावा होता, त्याला हा आकडा साथ देत नाही. त्याच देशातल्या दुसऱ्या एका केंद्राने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मालिकेत जेमतेम निम्म्या रुग्णांनी शस्त्रक्रियेचा उपयोग झाला असं सांगितलं आणि सुमारे १९ टक्क्यांना दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली किंवा ठरली. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने अशा प्रणालींना जोडणीच्या जोडीने वापरायला परवानगी दिली होती, आणि २००९ मध्ये उत्पादकांना बाजारातल्या रुग्णांचा पाठपुरावा करण्याचे आदेश दिले होते. हे सगळं आम्ही कुटुंबासमोर ठेवलं, खर्चासकट. लवचिक प्रणाली बरीच महाग होती.

दोन मणक्यांच्या पाठीकडच्या हाडाच्या टोकांमध्ये ठोकळा बसवण्याचाही एक प्रकार आहे. सरकलेल्या मणक्यात आणि मऊ हाडात ते टोक मोडण्याची भीती असते, त्यामुळे तो लगेच बाजूला पडला.

निर्णयाची वळणं

पहिलं वळण खालच्या काळ्या गादीचं. भाच्याला ती सोडणं म्हणजे काम अर्धवट टाकणं वाटत होतं. आम्ही त्याला लक्षणं नसलेल्या माणसांची आकडेवारी दाखवली. २०१५च्या एका मोठ्या आढाव्यानुसार काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये गादीची झीज दिसते. शिक्षिकांची सगळी लक्षणं वरच्या पातळीशी जुळत होती आणि खालची गादी वाकून-ताठ होऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये स्थिर होती. तिला हात लावायचा नाही यावर आम्ही ठाम राहिलो. स्कॅनचा रंग बघून स्क्रू घालणं हा मणक्याच्या शस्त्रक्रियेतला सर्वांत महाग पडणारा मोह आहे, आणि तो रुग्णाला महाग पडतो.

दुसरं वळण स्थैर्याचं. वाकल्यावर चौथा मणका आणखी तीन मिलिमीटर पुढे जात होता आणि सांधा ११ अंश फिरत होता. म्हणजे सैलपणा होता, पण काठावरचा. टीममधल्या एका सहकाऱ्याचं मत पक्क्या जोडणीचं होतं, दुसऱ्याचं नुसती नस मोकळी करण्याचं.

तिसरं वळण हाडाचं. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेचा टी-स्कोअर उणे १.६ आला, खुब्याचा उणे २.३. हा आकडा जितका जास्त उणे, तितकं हाड कमजोर. ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, रेषा उणे २.५ला असते, म्हणजे दोन्ही आकडे रेषेच्या अलीकडचे. लवचिक आधार शक्य आहे असं ठरलं ते कमरेच्या आकड्यावर.

शेवटी रुग्ण आणि यजमान दोघांनीही लवचिक आधार निवडला. त्यांचं कारण होतं की नस मोकळी केल्यावर मणका सरकण्याची धास्ती राहू नये आणि हाड जोडण्याची मोठी शस्त्रक्रियाही नको. तो त्यांचा विचारपूर्वक निर्णय होता, आणि त्या वेळच्या माहितीत तो अवाजवी नव्हता.

काय केलं

शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये झाली. तोपर्यंत तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४ वरून ७.२ वर आणली आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढली.

टेबलावर रुग्णाला पालथं झोपवताना कमरेचा नैसर्गिक बाक राखणं इथे फार महत्त्वाचं असतं. कंबर सपाट असताना दुवा बसवला तर सांधा त्याच सपाट अवस्थेत अडकतो आणि पुढे उभं राहताना स्नायू थकतात. नळीची लांबीही तशीच. मणके लांब ओढण्याच्या नादात ती एखाद्या मापाने जास्त घेतली तर कंबर पुढे झुकते. आम्ही नसा दोन्ही बाजूंनी मोकळ्या केल्या, मागचे सांधे शक्य तितके राखले, चार स्क्रू शक्य तेवढ्या जाड मापाचे घातले आणि नळी मोजणीपेक्षा आखूडच घेतली. दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डात चालल्या, पाचव्या दिवशी घरी गेल्या. सहा आठवडे वाकणं आणि वजन उचलणं बंद, तीन महिने खाली बसणं बंद.

पुढे काय झालं

पायांचा त्रास जवळजवळ लगेच गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या शाळेत रुजू झाल्या आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. सहा महिन्यांची प्रत्यक्ष तपासणी होऊ शकली नाही. फोनवर प्रश्नावली भरून घेतली, आकडा २२. शिकवणं मोबाइलवर, बसून. पायांना हे सोयीचं होतं, पण तासन्‌तास बसण्याने कंबर आखडायला लागली.

चौदाव्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी काढलेला एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पाचव्या मणक्यातल्या डाव्या स्क्रूभोवती बारीक काळी कड, म्हणजे स्क्रू सैल होत असल्याची खूण, दिसत होती. रात्री कूस बदलताना त्या बाजूला खुपतं, असंही त्यांनी सांगितलं. प्रत्यक्ष बोलावून सीटी केला. कड खरी होती, सुमारे एक मिलिमीटर, पण स्क्रू जागेवरून हलला नव्हता, संसर्गाच्या रक्ततपासण्या सामान्य होत्या आणि चालणं दोन किलोमीटरपर्यंत पोहोचलं होतं.

इथे पुन्हा तीन वाटा होत्या. सगळं काढून टाकणं, पक्क्या जोडणीत बदलणं किंवा थांबणं. मधुमेही रुग्णात स्क्रू सैल दिसला की आधी संसर्ग वगळावा लागतो, तो वगळला. मग थांबायचं ठरलं. हाड बळकट करणारं औषध सुरू केलं आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून नव्याने शिकवले. कूस बदलतानाचा त्रास चार-पाच महिन्यांत कमी झाला.

तीन वर्षांनी, २०२२च्या अखेरीस, कड तेवढीच होती. ओस्वेस्ट्री आकडा २४. आधी ११ अंश फिरणारा सांधा आता चार अंश फिरत होता, म्हणजे हालचाल 'राहिली' असं म्हणायचं तर थोडीच. वरच्या, तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधल्या गादीची उंची किंचित घटली होती. ते लवचिक आधारामुळे झालं की वयामुळे, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. पण ती वाचेल हे जे गृहीत धरलं गेलं होतं, ते घडलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी हाड. झिजलेल्या कमरेत हाडाचे काटे आणि जाड झालेले सांधे डेक्साच्या किरणांना अडवतात आणि कमरेचा आकडा खोटा चांगला दाखवतात. म्हणून या वयात, अशा एक्स-रेमध्ये, खुब्याचा आकडा जास्त विश्वासाचा. उणे २.३ हा आकडा पुढे ठेवला असता तर लवचिक आधाराच्या बाजूचं पारडं तेव्हाच हलकं झालं असतं. शिवाय शस्त्रक्रियेआधी नियोजनासाठी सीटी होतोच, त्यातच मणक्याच्या आतल्या हाडाची घनता मोजता येते, वेगळा खर्च लागत नाही. आता कोणत्याही स्क्रूआधी आमच्याकडे ती मोजली जाते. औषध चौदाव्या महिन्याऐवजी शस्त्रक्रियेच्या तीन-चार महिने आधी सुरू करणंही शक्य होतं. त्यांचा आजार तेवढा वेळ देणारा होता.

दुसरं, हाडाचे काटे. ते किर्कल्डी-विलिस यांच्या तिसऱ्या टप्प्याची खूण होते. शरीर सांधा घट्ट करत आणत असताना बाहेरून आधार देण्याची गरज किती, हा प्रश्न चर्चेत आला पण मागे पडला. २०२१ मध्ये नॉर्वेचा २६७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकलेल्या मणक्यात नुसती नस मोकळी केलेल्या ७१.४ टक्के आणि जोडणीही केलेल्या ७२.९ टक्के रुग्णांना ठरवलेल्या मापाइतका फरक पडला होता. आज हीच शिक्षिका, याच स्कॅनसह, समोर बसली तर मी आधी सांधे राखून नस मोकळी करण्याचंच सुचवेन. तीन मिलिमीटरचा सैलपणा लक्षात ठेवेन, पुढे सरक वाढली तर जोडणी करावी लागू शकते हे स्पष्ट सांगेन, आणि तेवढ्यासाठी आज चार स्क्रू घालणार नाही.

लवचिक आधार मी पूर्ण बाद करत नाही. चाळिशीतला, मजबूत हाडाचा, सांध्यांना अजून काटे न आलेला, एकाच पातळीवर सैलपणा असलेला रुग्ण असेल तर त्याचा विचार करण्यासारखा आहे. मात्र तेव्हाही 'हालचाल टिकवण्यासाठी' हे कारण मी पुढे करणार नाही.

तिसरी गोष्ट पाठपुराव्याची. हाड जुळणारच नाही अशा शस्त्रक्रियेत एक्स-रेची तारीख चुकणं परवडत नाही. लॉकडाऊनमध्ये तालुक्याच्या एक्स-रे केंद्राला ठराविक कोनातून फोटो काढायला सांगून तो मागवण्याची सोय सहाव्या महिन्यातच करता आली असती. ती कड कधी सुरू झाली हे मग कळलं असतं, आणि औषधही लवकर सुरू झालं असतं.

सध्या

शिक्षिका २०२१ मध्ये निवृत्त झाल्या. दुसरी शस्त्रक्रिया टाळायची आहे असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे, त्यामुळे ती कधी करावीच लागेल हे आधीच लिहून ठेवलं आहे: कड दोन मिलिमीटरच्या पुढे गेली, स्क्रू हलला किंवा मोडला, किंवा पायांतलं दुखणं परत आलं तर. तशी वेळ आली तर आधी स्क्रू काढून सांधा किती घट्ट झाला आहे ते पाहायचं आणि जोडणी लागली तरच करायची, असं त्यांच्या यजमानांसमोर ठरलं आहे. वर्षातून एकदा एक्स-रे, दोन वर्षांतून एकदा डेक्सा, आणि साखरेवर लक्ष, एवढं चालू आहे.